नियमांवरून अचूक अनुमान कसे काढावे : तर्कक्षमता चाचणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा आणि डिचोली परिसरातील स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांबरोबर बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न सोडवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणांतील नियम बहुतेक ठिकाणी कल्पित आहेत. जेथे नियम खरा आहे, तेथे तसे सांगितले आहे.

नियमावरून अनुमान काढा असे म्हणतात तेव्हा नेमके काय अपेक्षित असते?

प्रश्नात दिलेली विधाने खरी आहेत असे धरून, त्यांच्यातून अपरिहार्यपणे काय निघते एवढेच सांगणे अपेक्षित असते. तर्कशास्त्रात दिलेल्या विधानांना आधारविधाने म्हणतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या विधानाला निष्कर्ष म्हणतात. आधारविधाने खरी असताना निष्कर्ष खोटा ठरण्याची एकही शक्यता उरत नसेल, तर तो निष्कर्ष वैध होय. ‘बहुधा खरा’, ‘पटण्यासारखा’ किंवा ‘अनुभवाशी जुळणारा’ निष्कर्ष या व्याख्येत बसत नाही.

यावरून एक कामाची कसोटी मिळते. दिलेले सर्व नियम पाळले गेले आहेत आणि तरीही निष्कर्ष खोटा आहे, अशी एखादी परिस्थिती मनात उभी करून पाहावी. तशी एक जरी परिस्थिती उभी राहिली तरी निष्कर्ष बाद होतो, मग ती प्रत्यक्षात कितीही दुर्मीळ असो.

‘जर-तर’ स्वरूपाच्या एका नियमातून किती गोष्टी निघतात?

दोन निघतात, आणि दोन निघाल्यासारख्या वाटतात. रायबंदर-चोडण फेरीबोटीसाठी असा नियम कल्पू या : ‘वादळाचा इशारा असेल तर फेरीबोट बंद असते.’ आज इशारा आहे असे कळले, तर फेरीबोट बंद आहे हे निश्चित झाले. उलट, फेरीबोट चालू आहे असे कोणी डोळ्यांनी पाहून सांगितले, तर इशारा नाही हेही तितकेच निश्चित झाले, कारण इशारा असता तर ती चालू राहिलीच नसती. या दोन्ही वाटा वैध आहेत.

आता फेरीबोट बंद आहे एवढेच कळले. इशारा आहे असे म्हणता येईल का? येणार नाही, कारण इंजिन बिघडले असेल, धक्क्याची दुरुस्ती चालू असेल किंवा खलाशी आले नसतील. त्याचप्रमाणे इशारा नाही एवढ्यावरून फेरीबोट चालू आहे असेही म्हणता येत नाही. ‘तर’च्या पुढील भाग खरा आहे म्हणून मागील भाग खरा मानणे हा उत्तरांग मान्य करण्याचा दोष होय, आणि मागील भाग खोटा आहे म्हणून पुढील भाग खोटा मानणे हा पूर्वांग नाकारण्याचा दोष होय. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. परीक्षेतील चुकीचे पर्याय बहुतेक वेळा याच दोन साच्यांतून काढलेले असतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

उलटी दिशा चुकीची आहे हे कळूनही ती बरोबर का वाटते?

कारण रोजच्या बोलण्यात ती पुष्कळदा बरोबर असते. ‘अभ्यास पुरा केलास तर जत्रेला नेईन’ असे आई म्हणते, तेव्हा अभ्यास पुरा न केल्यास नेणार नाही हे तिने न बोलताही मुलाला कळते, आणि त्याचे कळणे चूक नसते. बोलणाऱ्याचा हेतू आपण शब्दांच्या बरोबरीने वाचत असतो. चाचणीतील नियमाला मात्र हेतू नसतो, फक्त शब्द असतात, आणि आईच्या बोलण्याला लावलेली सवय तेथे लावली की गुण जातात.

ही अडचण आजची नाही. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, तिचा फार बारकाईने विचार केला आहे. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही त्यांची नेहमीची व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेला संबंध. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे हे अनुमान त्यांनी मान्य केले. पण ‘जेथे अग्नी तेथे धूर’ ही उलटी व्याप्ती त्यांनी नाकारली, आणि तिच्या खंडनासाठी एकच उदाहरण पुरेसे मानले : तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीपासून धूर निघण्यासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो, ही जादा अट त्यांनी ‘उपाधी’ या नावाने वेगळी काढून दाखवली. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर चूल पेटवलेल्या घरांत हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उलटी दिशा मोहात पाडू लागली की आपापला तापलेला गोळा शोधावा; एक सापडला की काम झाले.

‘तर’ आणि ‘तरच’ यांत इतका फरक आहे का?

आहे, आणि मराठीतून तर्काचे प्रश्न सोडवणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ कोठे द्यावा असे विचारले, तर माझे उत्तर ‘च’ या एका अक्षराला असे आहे. कोकणी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हा ‘च’ घरचाच असल्याने ते त्याच्यावरून सहज पुढे निघून जातात, आणि तेथेच फसतात.

‘सभासद असेल तर सवलत मिळते’ या नियमात सभासदाची सवलत निश्चित आहे. जो सभासद नाही त्याच्याविषयी नियम काहीच बोलत नाही, त्यालाही एखाद्या वेगळ्या कारणाने सवलत मिळत असेल. ‘सभासद असेल तरच सवलत मिळते’ असे म्हटले की बाणाची, म्हणजे कशावरून काय निघते याची, दिशा फिरते : ज्याला सवलत मिळाली तो सभासद आहे हे निश्चित होते, पण प्रत्येक सभासदाला सवलत मिळतेच असे त्यात म्हटलेले नाही, कदाचित वर्गणी थकलेल्या सभासदाला ती मिळत नसेल. आणि ‘सभासद असेल तर आणि तरच’ असे असले, तर दोन्ही दिशा खुल्या होतात.

‘च’ कोणत्या शब्दाला चिकटला आहे यावरही सगळे अवलंबून असते. पुढील तीन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत :

‘शनिवारी वाचनालय उघडे असतेच.’ येथे वार शनिवार आहे एवढे कळले की वाचनालय उघडे आहे असे म्हणता येते. इतर वारांविषयी काही कळत नाही.

‘शनिवारीच वाचनालय उघडे असते.’ येथे वाचनालय उघडे दिसले की आज शनिवार आहे असे म्हणता येते, आणि बुधवारी ते बंद असणार हेही.

‘वाचनालयच शनिवारी उघडे असते.’ येथे शनिवारी दुसरे काही उघडे नसते असे कळते. वाचनालय मंगळवारी उघडे असते की नाही, याविषयी वाक्य गप्प आहे.

शिवाय काही वेळा ‘च’ केवळ जोर देण्यासाठी येतो. ‘तो आलाच नाही’ यातून ‘तो आला नाही’ यापेक्षा वेगळे अनुमान निघत नाही. म्हणून ‘च’ दिसला की आधी तो मर्यादा घालतो आहे की नुसता जोर देतो आहे हे ठरवावे, आणि मगच बाण काढावा.

मराठी प्रश्नपत्रिकेत भाषांतरामुळे अर्थ बदलत असेल तर काय करावे?

मूळ इंग्रजी मजकूर शेजारी दिलेला असेल तर तो पाहावा. कर्मचारी निवड आयोगाने २०२३ मध्ये आपली मल्टिटास्किंग स्टाफ परीक्षा हिंदी आणि इंग्रजीखेरीज तेरा प्रादेशिक भाषांतून घेण्यास सुरुवात केली, आणि त्यांत मराठी व कोकणी या दोन्ही आहेत, ही गोव्यातील उमेदवारांच्या दृष्टीने मोठी सोय झाली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र हिंदी आणि इंग्रजीतच असते. हा ‘च’ मर्यादा घालणारा आहे. भाषांतरात सर्वांत आधी गळून पडतो तो हाच ‘च’, आणि ‘तरच’चा ‘तर’ होऊन नियम उलटा होतो. ‘ओन्ली इफ’ (तरच) आणि ‘अनलेस’ (खेरीज) हे दोन इंग्रजी शब्दप्रयोग ओळखता येण्याइतके इंग्रजी मराठी माध्यमाच्या उमेदवारानेही जवळ ठेवावे, असे माझे मत आहे.

आवश्यक अट आणि पुरेशी अट यांचा येथे काय संबंध आहे?

‘तर’ पुरेशी अट सांगतो, म्हणजे जी पुरी झाली की पुढचे घडतेच; ‘तरच’ आवश्यक अट सांगतो, म्हणजे जिच्याखेरीज पुढचे घडत नाही. खरा नियम घेऊ : राज्यघटनेच्या १७३व्या अनुच्छेदानुसार विधानसभेवर निवडून येण्यासाठी वयाची किमान २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. यावरून गोवा विधानसभेच्या चाळीस निर्वाचित सदस्यांपैकी कोणीही २५ वर्षांखालील नाही हे अनुमान निघते. २५ वर्षांची प्रत्येक व्यक्ती सदस्य आहे असे मात्र कोणी म्हणणार नाही. या उदाहरणात कोणी चुकत नाही, पण त्याच आकृतीत ‘क्ष’ आणि ‘य’ घातले की वर्गातील निम्मे हात चुकीच्या पर्यायावर वर येतात.

‘खेरीज’, ‘शिवाय’, ‘नाहीतर’ या शब्दांचे काय करावे?

त्यांना ‘जर-तर’मध्ये उतरवून घ्यावे. ‘ओळखपत्र दाखवल्याखेरीज आत सोडत नाहीत’ म्हणजे ओळखपत्र दाखवले नाही तर आत सोडत नाहीत. अर्थात जो आत गेला त्याने ते दाखवले आहे. ओळखपत्र दाखवणाऱ्या प्रत्येकाला आत सोडतातच असे नाही, उशिरा आलेल्याला तरीही बाहेर थांबावे लागेल. ‘शिवाय’ जपून वाचावा, कारण ‘पैशाशिवाय’ यात तो अभाव दाखवतो आणि ‘याशिवाय’ यात भर घालतो.

‘सर्व’ आणि ‘काही’ असलेल्या विधानांत चूक कोठे होते?

पहिली चूक नकारात होते. ‘सर्व विक्रेते म्हापशाचे नाहीत’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात : एकही विक्रेता म्हापशाचा नाही, किंवा निदान काही विक्रेते बाहेरचे आहेत. शुक्रवारच्या बाजाराविषयी कोणी असे बोलले तर आपण दुसरा अर्थ घेतो, कारण बाजार आपल्याला ठाऊक आहे. चांगल्या प्रश्नपत्रिकेत ‘एकही नाही’ किंवा ‘काही नाहीत’ असे स्पष्ट लिहिलेले असते. तसे नसेल, तर दोन्ही अर्थांत टिकणारा निष्कर्षच सुरक्षित : निदान एक विक्रेता म्हापशाबाहेरचा आहे.

दुसरी चूक ‘काही’ या शब्दाची. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे निदान एक. सर्व असण्याची शक्यता त्यात नाकारलेली नसते. ‘काही आंबे मानकुराद आहेत’ यावरून ‘काही आंबे मानकुराद नाहीत’ असे निघत नाही. टोपलीतले सगळेच मानकुराद असू शकतात. (आपले तसे नशीब नसते, ही गोष्ट वेगळी.)

तिसरी चूक सर्वांत फसवी आहे. ‘सर्व पाडेली माडावर चढतात. माडावर चढणाऱ्यांपैकी काही जण सूर काढतात.’ (पाडेली म्हणजे नारळ पाडणारे, सूर म्हणजे माडी.) यावरून ‘काही पाडेली सूर काढतात’ असे निघते का? निघत नाही. सूर काढणारे ते ‘काही जण’ सगळेच्या सगळे रेंदेर, म्हणजे माडी काढणारे, असतील आणि पाडेली फक्त नारळ पाडत असतील, तरी दोन्ही विधाने खरी राहतात. दोन गटांना जोडणारे मधले पद, येथे ‘माडावर चढणारे’, एकाही विधानात संपूर्णपणे घेतलेले नाही, म्हणून जोड बसत नाही. असे प्रश्न सोडवण्यासाठी प्रत्येक गटाचे एक वर्तुळ काढतात; ती वर्तुळे एकमेकांना छेदतात असे सवयीने काढू नये. छेदली नाहीत तरी विधाने टिकतात का, हे पाहण्यासाठीच वर्तुळे असतात.

या चुका फक्त कच्च्या विद्यार्थ्यांच्याच होतात का?

नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेले कोडे यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे आपल्या लिपीतील रूप असे : समोर चार पत्ते आहेत आणि त्यांच्यावर ‘अ’, ‘क’, ‘४’ आणि ‘७’ असे दिसते. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या आहे. ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते’ हा नियम पाळला गेला आहे का, हे तपासण्यासाठी नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील? सुशिक्षित लोकही बहुधा ‘अ’ आणि ‘४’ असे उत्तर देतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’ असे आहे. ‘४’च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, ‘७’च्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये हेच कोडे फ्लोरिडातील विद्यार्थ्यांना वेगळ्या वेषात दिले : बिअर पिणाऱ्याचे वय १९ वर्षांहून अधिक असले पाहिजे, तर समोरच्या चौघांपैकी कोणाला तपासाल? बहुतेकांनी चटकन बरोबर उत्तर दिले; बिअर पिणाऱ्याचे वय पाहायचे आणि अल्पवयीनाच्या पेल्यात काय आहे ते पाहायचे. तर्काची आकृती तीच होती. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी लोक नियम मोडणाऱ्याला शोधत होते. कोरड्या अक्षरांचा नियम समोर आला की त्यालाही हाच प्रश्न विचारावा : हा नियम कोण मोडू शकेल?

दिलेले विधान प्रत्यक्षात खोटे असेल तर?

तरीही ते खरे धरूनच चालावे. एका सराव परीक्षेत मला असा प्रश्न आला होता : ‘गोव्यातील सर्व तालुक्यांना समुद्रकिनारा आहे. सत्तरी हा गोव्यातील तालुका आहे. निष्कर्ष : सत्तरीला समुद्रकिनारा आहे.’ वाळपईला आजोळ असलेल्या माणसाचा हात हा निष्कर्ष ‘निघतो’ या रकान्यात जाईना, आणि मी ‘निघत नाही’ लिहून गुण घालवला. सत्तरी सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, तेथे समुद्र नाही, हे खरे. पण प्रश्न भूगोलाचा नव्हता. निष्कर्ष खोटा आहे, कारण पहिले आधारविधान खोटे आहे. अनुमान मात्र वैध आहे. ज्या विषयातले आपल्याला जास्त कळते, त्या विषयावरील प्रश्नात जास्त सावध राहावे लागते, हे मला त्या दिवशी कळले.

अनेक नियम एकत्र दिलेले असतील तर सुरुवात कोठून करावी?

सर्वांत कमी मोकळीक देणाऱ्या नियमापासून. एक उदाहरण सविस्तर सोडवू. देवळाच्या उत्सवात पाच संध्याकाळी भजन, कीर्तन, नाटक, फुगडी आणि गायनाची मैफल असे पाच कार्यक्रम, रोज एक याप्रमाणे, व्हायचे आहेत. नियम चार : भजन कीर्तनाच्या आधी होईल, नाटक चौथ्या किंवा पाचव्या दिवशी होईल, फुगडी तिसऱ्या दिवशी असेल तर मैफल पहिल्या दिवशी होईल, मैफल आणि नाटक लागोपाठच्या दिवशी होणार नाहीत.

नाटकाला दोनच जागा आहेत, म्हणून तेथून सुरुवात करू. नाटक चौथ्या दिवशी असेल तर मैफल तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी होणार नाही. नाटक पाचव्या दिवशी असेल तर मैफल चौथ्या दिवशी होणार नाही. दोन्ही शक्यतांत मैफलीला चौथा आणि पाचवा दिवस मिळत नाही. म्हणजे मैफल पहिल्या तीन दिवसांतच होणार. हे कोणत्याही एका नियमात लिहिलेले नाही, तरी ते निश्चित आहे.

आता भजन. ते पाचव्या दिवशी होऊ शकत नाही, कारण मग कीर्तनाला नंतरचा दिवस उरत नाही. चौथ्या दिवशी ठेवले तर कीर्तन पाचव्या दिवशी जाईल आणि नाटकाच्या दोन्ही जागा भरतील. म्हणून भजनही पहिल्या तीन दिवसांत. मग शेवटच्या दोन दिवसांत नाटकाबरोबर कीर्तन किंवा फुगडी यांपैकी एकच कार्यक्रम उरतो. एवढे कळले की ‘फुगडी तिसऱ्या दिवशी असेल तर काय निश्चित होते?’ या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते : मैफल पहिल्या दिवशी, त्यामुळे भजन दुसऱ्या दिवशी, आणि कीर्तन व नाटक उरलेल्या दोन दिवशी, कोणत्याही क्रमाने.

पर्यायांत ‘मैफल पहिल्या दिवशी असेल तर फुगडी तिसऱ्या दिवशी असते’ असे वाक्य हमखास असणार. मैफल, भजन, कीर्तन, नाटक, फुगडी हा क्रम लिहून पाहावा. चारही नियम पाळले जातात आणि फुगडी पाचव्या दिवशी येते. पर्याय बाद. त्याच नियमाची वैध बाजू अशी : मैफल पहिल्या दिवशी नसेल तर फुगडी तिसऱ्या दिवशी नसते.

‘शक्यता आहे’ असा निष्कर्ष दिला असेल तर?

कसोटी उलटते. तेथे निष्कर्ष खरा ठरणारी एकच मांडणी सापडली तरी तो बरोबर ठरतो. बँकांच्या परीक्षांत दोन्ही प्रकारचे निष्कर्ष शेजारी शेजारी दिलेले असतात, म्हणून प्रत्येक निष्कर्षाखाली आधी तो ‘असलेच पाहिजे’ या जातीचा आहे की ‘असू शकते’ या जातीचा, हे मनात नोंदवावे.

अनुमान आणि गृहीतक एकच का?

नाही. अनुमान विधानानंतर येते. गृहीतक विधानाच्या आधी, न बोलता मानलेले असते. ‘पाऊस येईल, छत्री घे’ यात छत्रीने पाऊस अडतो हे गृहीतक आहे.

उत्तराची खात्री नसेल तर अंदाजाने खूण करावी का?

परीक्षेच्या गुणपद्धतीवर ते अवलंबून आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेतील दुसऱ्या पेपरात ८० प्रश्न आणि २०० गुण असतात, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण. चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश वजा होतो, आणि पात्र ठरण्यासाठी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर दीर्घकाळात लाभ आणि तोटा बरोबर शून्यावर येतात. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी लाभ प्रत्येक प्रश्नामागे सुमारे पाव गुणाचा होतो, दोन बाद झाले तर सुमारे ०.८३ गुणाचा. तर्काच्या प्रश्नांत उलट्या दिशेचा एक पर्याय बहुतेकदा ओळखता येतो, म्हणून येथे प्रश्न सोडून देण्यापूर्वी तेवढे तरी करावे.

पुस्तकाखेरीज सराव कशाचा करावा?

सूचनाफलकांचा. पणजीच्या कदंब बसस्थानकावर, पंचायतीच्या कार्यालयात, देवळाच्या महाद्वारापाशी जे नियम लिहिलेले असतात, ते वाचून प्रत्येकातून वैध काय निघते आणि काय निघत नाही हे वहीत लिहावे. आमच्या एका विद्यार्थिनीने फेरीच्या धक्क्याजवळची ‘फक्त दुचाकींसाठी’ ही पाटी लिहून आणली आणि विचारले, की तिची दुचाकी समोरच्या झाडाखाली लावली तर नियम मोडला का. मोडला नाही : पाटीवरून तेथे उभे असलेले प्रत्येक वाहन दुचाकी असले पाहिजे एवढे निघते, प्रत्येक दुचाकी तेथेच उभी राहिली पाहिजे असे पाटी म्हणत नाही.